भांडले म्हणून उरले

आमच्या घराण्यातली माणसे १ जूनलाच जन्माला येतात. आजोबा १ जून, त्यांचे तिन्ही भाऊ १ जून, वडील १ जून, दोन्ही काका १ जून, आणि लग्न होऊन आलेल्या सुनांपैकी ज्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले त्याही १ जूनच. नऊ महिने मागे मोजत गेले तर पितृपक्षाच्या आसपासचा काळ येतो, तेव्हा पितरांची कृपा म्हटले तरी खपून जाईल. खरे कारण इतके पवित्र नाही. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराच्या बखोटीला धरून त्याला मास्तरांपुढे उभे करायचा. मास्तर विचारायचे, "जन्मतारीख?" बाप सांगायचा, "मोठा पूर आला होता बघा त्या साली, पोळ्याच्या आगेमागे." मास्तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे, कान हाताला लागला की दाखल-खारीज रजिस्टर उघडायचे आणि लिहायचे, १ जून. साल असे टाकायचे की पोरगे त्या दिवशी बरोबर सहा वर्षांचे व्हावे. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची कुंडली अशी मास्तरांनी मांडली आहे. ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची आणि सामोशांची जी झुंबड उडते तिचे मूळ त्याच रजिस्टरात आहे.

हे ध्यानात आले ते कुलवृत्तांतामुळे. मराठी माणूस निवृत्त झाला, फंडाचे पैसे खात्यात पडले, गुडघे अजून जिना चढू देतात आणि घरात मुलगा-सून कशातच सल्ला विचारत नाहीत, असे चारही ग्रह जुळून आले की तो एकतर गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी होतो, नाहीतर कुलवृत्तांत काढायला घेतो. सोसायटीतल्या लोकांच्या दृष्टीने दुसरा मार्ग बरा. आमच्या धाकट्या काकांनी तो पत्करला. त्यांनी रीतसर समिती नेमली. अध्यक्ष तेच, चिटणीस तेच, खजिनदार तेच आणि पाकिटांवर पत्ते लिहायला मी.

ज्यांच्या घरी हा ग्रंथ नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेली शंभर-एक वर्षे महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून काढले आहेत. आरंभी कुलदैवताचा फोटो, मग गोत्र, मूळ गाव, कुळाचार, मग मूळ पुरुष आणि तिथून शाखा, उपशाखा, घराणे पहिले, घराणे दुसरे, असे करत करत गाडी पार न्यू जर्सीपर्यंत जाते. वाचण्याची रीतही ठरलेली आहे. ग्रंथ हातात पडला की माणूस प्रथम स्वतःचे पान काढतो. नाव बरोबर छापले आहे ना पाहतो. मग चुलतभावाचे पान काढून त्याला किती ओळी दिल्या आहेत त्या मोजतो. मग ग्रंथ कपाटात जातो तो पुढच्या रंगकामापर्यंत.

काकांनी छापून घेतलेले माहितीपत्रक तसे साधे होते. नाव, जन्म, शिक्षण, व्यवसाय, भावंडे, अपत्ये, विशेष उल्लेखनीय. उत्तरे यायला वर्ष गेले, आणि जी आली त्यांवरून घराण्याचा स्वभाव कळला. 'विशेष उल्लेखनीय' पुढे बहुतेकांनी 'सोबत पुरवणी जोडली आहे' असे लिहिले होते आणि पुरवणीत लायन्स क्लबच्या सत्कारापासून मूळव्याधीच्या यशस्वी शस्त्रक्रियेपर्यंत सारे काही होते. 'भावंडे' या रकान्यात मात्र एका गृहस्थांनी लिहिले होते, 'माहिती उपलब्ध नाही.' त्यांचे सख्खे भाऊ त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. गच्चीच्या किल्लीवरून बोलणे बंद आहे, एवढेच.

चालू पिढीची ही तऱ्हा. मूळ पुरुषाबद्दल मात्र सगळ्यांना सगळे ठाऊक असते, आणि गंमत म्हणजे ते सगळ्या घराण्यांचे सारखेच असते. प्रथम, आपले आत्ताचे आडनाव हे मूळ आडनाव नव्हेच. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही हुद्द्यांची नावे, ती मागाहून चिकटली. मूळचे आपण वेगळेच, बहुधा फार मोठे कोणीतरी. दुसरे, आपण तिघे भाऊ होतो. एक कोकणात राहिला, एक घाट चढून देशावर आला, एक वर माळव्यात गेला. दोघे का नाहीत, पाच का नाहीत, आणि या तिघांना बहीण एकही कशी नव्हती, हे विचारायचे नसते. तिसरे, पानिपत.

पानिपताची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली आणि तिच्यात आपल्याकडचे फार माणूस पडले, हे खरेच आहे. पण कुलवृत्तांतांतून जेवढे पूर्वज पानिपतावर पडले आहेत तेवढे त्या दिवशी मैदानात हजर असते, तर अब्दाली आल्या पावली काबूलला परत गेला असता. वंशावळीत एखादा पुरुष मध्येच नाहीसा झाला, त्याचे पुढे लग्न दिसत नाही, पोर दिसत नाही, तर त्याला पानिपतावर पाठवायचा हा शिरस्ता आहे. तो कर्ज बुडवून परागंदा झाला असेल, गोसाव्यांबरोबर गेला असेल, दुसरे बिऱ्हाड करून बऱ्हाणपुरात सुखाने नांदला असेल. पण काका म्हणाले, "पानिपत लिही. शोभून दिसतं."

मग एक दिवस काकांनी ठरवले की आता अस्सल कागद पाहायचे. इथून खरा इतिहास सुरू झाला आणि काकांच्या चेहऱ्यावरचे तेज उतरायला लागले.

अस्सल कागदांचा नाद महाराष्ट्राला लावला तो वि. का. राजवाड्यांनी. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला, त्यात पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. पुढे हा माणूस उभा जन्म गावोगाव लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळत हिंडला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले तेही त्यांच्याच खटपटीने. सरकारी पेशवे दफ्तर वेगळे. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातली नुसती निवड छापली तर तिचे ४५ भाग झाले. तिथे कागद रुमालात बांधलेले असतात. रुमाल सोडला की आधी धूळ निघते, मग शिंक निघते, मग मोडी निघते.

मोडी लिपी गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवत, म्हणून आमच्या आजोबांना येत होती. वडिलांना थोडी वाचता यायची. मला येते असे मी समजतो. आधी एक लांबलचक रेघ ओढायची आणि मग बोरू न उचलता तिला खाली अक्षरे लटकवत जायची, अशी ही लिपी. शब्द कुठे संपला हे लिहिणाऱ्याला ठाऊक. तुम्हाला ते कळावे असे त्याला वाटलेले दिसत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा तिला सोस नाही. एवढ्या एका बाबतीत ती आजच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या मराठीच्या पुढे होती.

बरे, अक्षर लागले तरी साल लागत नाही. शके असेल तर ७८ मिळवा. फसली असेल तर ५९०. सुहूर सन असेल तर ५९९, आणि तोही आकड्यांत नाही, अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. बेरीज ११६१, अधिक ५९९, म्हणजे १७६०-६१. आले का पानिपत! हे साल मृग नक्षत्राला सुरू व्हायचे, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. मास्तरांच्या कितीतरी आधीपासून आमचा जन्ममरणाचा हिशेब जूनलाच बांधलेला होता म्हणायचा.

काकांना आशा होती ती एखाद्या सनदेची. निदान एखाद्या पत्राची, ज्यात कोणी सरदार आमच्या पणज्याच्या पणज्याला 'तुमच्यासारखे एकनिष्ठ' वगैरे म्हणतो आहे. हाती आला तो हातकागदाचा एक तुकडा, कडेने कसरीने खाल्लेला, वर 'श्री', आणि खाली चिंचेच्या झाडाचे भांडण.

भांडण असे. थोरल्या घरच्या परसात चिंच. फांद्या धाकट्याच्या अंगणात. चिंचा कोणाच्या? थोरला म्हणतो, बूड माझे. धाकटा म्हणतो, सावलीत अंगण माझे मरते, वाळवण घालता येत नाही. प्रकरण पाटलापुढे गेले, गावची पांढरी जमली, बलुतेदार साक्षीला बसले. आणि चिंचा कोणाच्या हे ठरवण्यासाठी, झाड लावले कोणी हे ठरवावे लागले. झाड कोणी लावले हे ठरवण्यासाठी दोघांचा बाप, बापाचा बाप, त्याचे भाऊ, वाटण्या कधी झाल्या, कोण कोणाला दत्तक गेला, हे सगळे क्रमवार सांगावे लागले. पाच पिढ्या! आजीला विचारून, माहितीपत्रके पाठवून, गुरवाला दक्षिणा देऊन जी वंशावळ मिळाली नव्हती ती त्या चिंचेने एका कागदात दिली. पणज्याच्या पणज्याने झाड तोडून टाकले असते, किंवा चांगुलपणाने म्हटला असता की घे बाबा चिंचा, तर आम्हाला आज त्याचे नावसुद्धा कळले नसते.

तिथून मला एक नादच लागला, आणि जसजसे जुने छापील कागद चाळत गेलो तसतसे दिसत गेले की हे आमच्या एकट्याचे नव्हे. मराठी घराण्यांचा जो इतिहास लेखी उरला आहे तो बव्हंशी भाऊबंदकीने उरवला आहे. वतनाचा तंटा उभा राहिला की दोन्ही बाजू आपापला करीना लिहून देत. करीना म्हणजे आपली बाजू, पण ती चालू वर्षापासून सुरू करायची नाही, मूळ पुरुषापासून. अमक्याला दोघे लेक, थोरल्याला तिघे, मधला निपुत्रिक, दुष्काळात धाकटा परमुलखात गेला, मागे पाटीलकी चुलत्याने बळकावली. मग गोतसभा बसे, निवाडा होई, त्याचा महजर होई. आणि दोन पक्षांच्या दोन वंशावळी शेजारी ठेवून पाहाव्यात अशा असत. एकीत जो थोरला तो दुसरीत धाकटा. वादीच्या वंशावळीत प्रतिवादीचा आजा जन्मालाच येत नाही.

खरे कोण हे कागदाने ठरेना तर दिव्य करीत. रवा दिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग हात पिशवीत घालून वर मोहोर करायची आणि काही दिवसांनी सगळ्यांदेखत उघडून पाहायचा. हात शाबूत तर वंशावळ खरी. आज सरकारी कचेरीत वंशावळीचे शपथपत्र तिसऱ्यांदा परत आले की आपण कपाळाला हात लावतो. निदान तो हात आपल्याच अवस्थेत असतो.

पुढे इंग्रज आले. त्यांनी १८५२ साली इनाम कमिशन बसवले आणि इनामदारांना म्हटले, दाखवा पुरावा. झाले. घरोघर माळ्यावरून पेट्या खाली आल्या, ज्यांनी बापाचे श्राद्ध चुकवले होते त्यांनीही सात पिढ्या पाठ केल्या, आणि वंशावळींचा जो बहर आला तो त्याआधी कधी आला नसेल. सामान्य कुणब्याला इनाम नव्हते, वतन नव्हते. त्याचे नाव लिहिलेले असे ते सावकाराच्या कर्जरोख्यावर. बापाचे नाव, गाव, अंगठा, सगळे रीतसर. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोक उठले आणि त्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. जाळायलाच हवे होते. पण त्या होळीत किती घराण्यांच्या पणजोबांची एकुलती एक लेखी खूण गेली असेल, या विचाराने माझ्यातला पत्ते लिहिणारा कारकून अजून हळहळतो.

बायकांचे तर विचारूच नका. जुन्या वंशावळीत पुरुषांना पुरुष होतात, बाकी कोणाचा त्यात हात नसतो. पुढच्या कुलवृत्तांतांनी बायका घेतल्या, पण लग्नात नाव बदलायची रीत असल्यामुळे प्रत्येकीची दोन-दोन नावे जुळवत बसावे लागते. झाशीची राणी माहेरी मणिकर्णिका तांबे, सासरी लक्ष्मीबाई नेवाळकर. दत्तक घेतलेला आनंदराव, तो झाला दामोदरराव. हे इतिहासात आले म्हणून आपल्याला माहीत. आमच्याकडे सात पिढ्यांत पाच लक्ष्मीबाई आहेत, ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिताना नवऱ्यामुलाला दुसरे काही सुचलेच नसावे, आणि त्या पाचजणी कुठून आल्या हे कोणालाही सांगता येत नाही.

अपवाद एक. तीच चिंच. धाकट्या घरची एक विधवा भावजय त्या भांडणात मध्येच उभी राहिली आणि म्हणाली, चिंचा तुमच्या की यांच्या ते मागाहून बघा, माझ्या अन्नवस्त्राचे काय? मग लिहिणाऱ्याला तिला लिहावेच लागले. कोणाची बायको, कोणत्या गावची, कोणाची लेक, काय मागते, काय कबूल झाले. वर्षाला धान्य किती, लुगडी किती, आणि चिंचेचा एक वाटा तिचा. दीडशे वर्षांतली ही एकच बाई, जिचे माहेर आम्हाला ठाऊक आहे. बाकीच्या सगळ्या सोशिक होत्या असे आमच्यात कौतुकाने सांगतात. सोशिक होत्या म्हणूनच त्यांची नावे राहिली नाहीत, हे कोणी सांगत नाही. काकांना मी म्हटले की हिचा फोटो असता तर मुखपृष्ठावर घातला असता. काका म्हणाले, "मुखपृष्ठावर कुलदैवत आहे."

पुरुषांची नावे राहिली तरी सुख नाही. नातवाला आजाचे नाव द्यायची आपली रीत. त्यामुळे गोविंदाचा रामचंद्र, रामचंद्राचा गोविंद, त्याचा पुन्हा रामचंद्र, आणि चुलत घरातही त्याच दोन नावांचा मारा. पेशव्यांकडे निदान बाजीराव पहिला, बाजीराव दुसरा, नुसता माधवराव आणि सवाई माधवराव अशी सोय होती. आम्हाला कोण नंबर देतो? त्यातून सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही. आता सासऱ्याचे नाव पोराला ठेवले, तर आईने पोराला हाक काय मारायची? म्हणून मग बाळ, बंडू, दादा, अण्णा, तात्या, नाना. हीच नावे चालतात, वाढतात, म्हातारी होतात. आमच्यातले बाळकाका ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या नातवाला सगळे 'दादा' म्हणतात. पाहुण्यांनी 'बाळ आणि दादा कुठायत' विचारले की कोणाला दूध द्यायचे आणि कोणाला चहा, हे ठरेनासे होते.

आजोबांच्या मधल्या भावाचे नाव हवे होते. मोठ्या आत्याला फोन लावला.

"आत्या, तात्यांचं नाव काय होतं?"

"कोणत्या तात्यांचं?"

"आजोबांच्या भावाचं. तात्या म्हणायचो ते."

"तात्याच."

"ते म्हणायचो गं. खरं नाव?"

"अरे, तात्या म्हटलं की त्यांना सगळा तालुका ओळखायचा. तुम्हालाच कशाला हवंय दुसरं?"

शेवटी तात्यांचे नाव मिळाले ते कोर्टात. त्यांनी बांधावरून शेजाऱ्यावर दावा लावला होता.

भांडणाखेरीज आपण लिहिले जातो ते मेल्यावर. नाशिकला गंगेवर अस्थी घेऊन गेले की उपाध्ये आधी आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, आणि तुम्ही कोणाचे यजमान हे लगेच सांगतात. घराण्यांची आणि गावांची त्यांच्यात वाटणी झालेली असते. जुनी लांबट वही निघते. पाने उलटता उलटता अचानक आपल्याच घरातले अक्षर समोर येते. बापाच्या अस्थी घेऊन आलेला कोणी गोविंद रामचंद्र, बरोबर कोण, घरी कोण, सगळे मोडीत, स्वतःच्या हातचे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या युटामधल्या वंशावळीच्या संस्थेने मायक्रोफिल्म करून नेली आहे. या वह्यांवर माझा भरवसा आहे, कारण घाटावर ओल्या पंच्याने उभा असलेला माणूस सहसा खोटे लिहीत नाही. पण पूर्ण लिहितो असेही नाही. आमच्या गोविंदपंतांनी घरी असलेल्या भावांत एकाचे नाव गाळले आहे. तारीख लावून पाहिली. चिंचेचा निवाडा नुकताच झाला होता.

कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे ही जोखीम यजमानावर सोडलेलीच नाही. तिकडे हेळवी येतो. सुगी झाली की पूर्वी बैलावर बसून, घंटा वाजवत यायचा, आता मोटारसायकलवरून येतो, आणि दारात उभा राहून तुमच्या पिढ्या घडाघडा म्हणतो. नवे पोर झाले असेल ते वहीत चढवतो, धान्य-पैसे घेतो आणि पुढच्या घरी जातो. घरधन्याचे भावाशी पटत असो वा नसो, हेळव्याच्या वहीत दोघेही राहतात, कारण त्याला दोन्ही घरचे पायली-अधेली मिळायचे असते. इतिहासकार असाच असावा, सगळ्या पक्षांकडून मानधन घेणारा.

गोव्याकडच्या कुळांची तऱ्हा निराळी. तिथे माणसांआधी देव परागंदा झाले. पोर्तुगीजांच्या धाकाने १५६० साली मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, तशीच दुसरी दैवते नदी ओलांडून आली, आणि आपले मूळ गाव कोणते याचे उत्तर लोक देवाच्या पत्त्यावरून देतात. महाजनकीच्या हक्कावरून तिकडेही तंटे झाले आहेत, म्हणजे कागद तिकडेही असणारच.

हल्ली वंशावळीला नवे दिवस आले आहेत. जात पडताळणीसाठी शपथपत्रावर वंशावळ काढून द्यावी लागते आणि पुरावा जुना लागतो. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. पोरगे बारावीला गेले की अख्खे घर कोतवाल बुकाच्या नकलेमागे लागते. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरे उपसली गेली, तेव्हा ज्या मोडीवाचकांना आयुष्यभर 'याने पोट भरतं का?' असे विचारले जात होते त्यांना तहसीलदारांच्या शेजारी खुर्ची मिळाली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

या शोधात जुनी शालेय रजिस्टरे बाहेर येतात हे मात्र घराण्याच्या अब्रूला बरे नाही. आमचे पणजोबा 'त्या काळचे मॅट्रिक' होते असे आम्ही तीन पिढ्या सांगत आलो. रजिस्टरात त्यांचे नाव सापडले. इयत्ता तिसरी. शाळा सोडल्याचे कारण, सतत गैरहजर. काकांनी तो उतारा दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "हे दुसरे कोणी असतील. आपल्यात ही नावं फार रिपीट होतात."

अमेरिकेतल्या भाच्याने या सगळ्या खटाटोपाला हसून डॉलर मोजले आणि नळीत थुंकी भरून प्रयोगशाळेला पाठवली. सहा आठवड्यांनी रंगीत नकाशा आला. निष्कर्ष, पूर्वज दक्षिण आशियातले. एवढे तर आत्यानेही फोनवर सांगितले असते, आणि वर जेवलास का विचारले असते.

ग्रंथ झाला. प्रकाशन कुलसंमेलनात, मंगल कार्यालयात. दाराशी वंशवृक्षाचा फ्लेक्स, जेवणात मसालेभात आणि जिलबी. फ्लेक्सपुढे गर्दी झाली, जो तो स्वतःच्या नावाला बोट लावून फोटो काढून घेऊ लागला, आणि पंगत बसायच्या आत चार तक्रारी आल्या. एका हयात गृहस्थांच्या नावामागे 'कै.' पडले होते. ते स्वतः मुद्रितशोधनाला बसले होते. गच्चीच्या किल्लीवाल्या दोघा भावांना एकाच फांदीवर काढले म्हणून दोघेही संतापले, आणि कित्येक वर्षांनी प्रथमच एकमेकांशी बोलले, ते समितीविरुद्ध. एका शाखेचे म्हणणे, थोरली पाती आमची, तुम्ही आम्हाला उजवीकडे टाकलेत. चार दिवसांनी त्यांचे पत्र आले. रजिस्टर पोस्टाने, पोच-पावतीसह. आपली शाखा थोरली कशी, हे दाखवण्यासाठी त्यांनी मूळ पुरुषापासूनची सारी हकिकत लिहिली होती, जुन्या खरेदीखतांच्या नकला जोडल्या होत्या, आणि त्यात आमच्या ग्रंथात नसलेली तब्बल अठरा माणसे होती. तीन बायकांची माहेरेसुद्धा.

काका चिडले. मी मात्र ते पाकीट जपून ठेवले आहे. अख्ख्या कुलवृत्तांतात नाही एवढा इतिहास त्या एका भांडखोर पत्रात आहे.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. भाऊबंदांशी भांडायचेच असेल तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर भांडू नका. फोन बदलला की दोनशे वर्षांचा इतिहास गेला. कागदावर भांडा. वर तारीख घाला. स्वतःचे पूर्ण नाव, बापाचे, आजाचे, आईचे माहेरच्या आडनावासकट लिहा. बहिणींना वगळू नका. खाली 'तुझाच बाळ' अशी सही करू नका. आणि दोन प्रती काढा. एक घरी ठेवा, दुसरी ज्याच्याशी भांडता आहात त्याला द्या. तुमची हरवेल, तो जपून ठेवील.